बाबांनी रिकामा ठेवलेला चौकोन

माझे वडील पुण्यात एका कॉम्प्रेसरच्या कारखान्यात तेहतीस वर्षं इन्स्पेक्शन खात्यात होते. मोजल्याशिवाय सही करायची नाही, एवढा एकच नियम त्यांनी आयुष्यभर पाळला आणि दुर्दैवाने घरीसुद्धा पाळला. मी सातवीत असताना प्रगतिपुस्तकावर सही करण्याआधी त्यांनी सगळ्या मार्कांची बेरीज करून पाहिली. मला दोन मार्क जास्त पडल्याचं त्यांच्या लक्षात आलं, तसं त्यांनी बाईंना चिठ्ठी लिहून कळवलं आणि माझा तिसरा नंबर गेला. ते मी अजून विसरलेले नाही.

असा माणूस सत्त्याहत्तराव्या वर्षी अमेरिकन नागरिकत्वाचा फॉर्म भरायला बसला, तेव्हा मी ऑफिसातून आठवडाभर सुट्टी घ्यायला हवी होती. मी मूर्खासारखी एक शनिवार दुपार मोकळी ठेवली.

त्यांना नागरिक व्हायचं होतं ते पुण्याला राहता यावं म्हणून. हे वाक्य मी इथल्या गोऱ्या मैत्रिणींना सांगते तेव्हा त्यांना माझं काहीतरी चुकलं असं वाटतं. आई गेल्यावर बाबा आमच्याकडे ईडन प्रेरीला आले ते ग्रीन कार्डावर. ग्रीन कार्डवाल्याने अमेरिकेतच राहिलं पाहिजे, बाहेर फार दिवस काढले की प्रश्न सुरू होतात. बाबा दर हिवाळ्यात पाच महिने पुण्याच्या फ्लॅटवर जायचे, कारण मिनेसोटातला हिवाळा हा त्यांच्या मते माणसांसाठी काढलेला नव्हता. मागच्या खेपेला विमानतळावरच्या ऑफिसरने विचारलं, तुम्ही नक्की राहता कुठे? बाबा म्हणाले, पुण्याला राहतो, इथे मुलीकडे असतो. पुढचा पाऊण तास आम्ही बाहेर त्यांची वाट बघत उभे होतो. आत त्यांना कार्ड काढून घेऊ शकतो अशी तंबी मिळाली होती. नागरिक झाले तर भारताचं कायमच्या व्हिसाचं कार्ड घेऊन ते पुण्याला हवे तितके दिवस राहू शकणार होते आणि हवं तेव्हा आमच्याकडे परतही येऊ शकणार होते. त्यामुळे नागरिकत्व मिळणं फार गरजेचं होतं.

ऑनलाइन फॉर्म त्यांना नको होता. त्यांनी छापील फॉर्म आणवला, त्याच्या दोन झेरॉक्स काढवल्या आणि आधी पेन्सिलीने कच्चा भरायला घेतला. तुम्ही कधी सवयीचे दारुडे होतात का, या प्रश्नावर त्यांनी मला हाक मारली. लग्नाआधी एकदा मित्राबरोबर अर्धी बाटली बिअर घेतली होती, ती लिहायची का? मी नको म्हणाले. तुम्ही कधी शस्त्रांचं प्रशिक्षण घेतलं आहे का, इथे मात्र ते माझं ऐकेनात. चीनशी झालेल्या लढाईनंतर कॉलेजांत मुलांना लष्करी कवायत सक्तीची झाली होती. बाबा त्यात दोन वर्षं होते. कडक इस्तरीची खाकी हाफ पँट, एक नंबर मोठे बूट आणि कवायत संपल्यावर मिळणारी पुरी-भाजी, एवढंच आम्ही आजवर ऐकलं होतं.

“बाबा, ती काय मिलिटरी होती का? कॉलेजची कवायत ती.”

“रायफल होती का नव्हती?”

“होती.”

“मग.”

त्यांनी ‘होय’वर खूण केली आणि सोबत दीड पानाचं निवेदन जोडलं. पाच गोळ्या झाडल्या, एकही निशाण्यावर लागली नाही, पाचच गोळ्या मिळालेल्या शेजारच्या मुलाच्या निशाण्यावर मात्र सात भोकं सापडली, असं त्यात प्रामाणिकपणे नमूद केलं होतं.

आणि मग तो प्रश्न आला. कायद्याने गरज पडल्यास अमेरिकेच्या वतीने शस्त्र हाती घ्यायला तुम्ही तयार आहात का? हो किंवा नाही, दोन चौकोन.

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. माझे यजमान समोर लॅपटॉप घेऊन बसले होते. ते न बघताच म्हणाले, “बाबा, यस करून टाका हो. कोणी काही विचारत नाही.”

“विचारत नाहीत तर छापलं कशाला?”

यजमानांनी लॅपटॉप मिटला. त्यांनी स्वतः बारा वर्षांपूर्वी या प्रश्नाला हो म्हटलं होतं. मीही म्हटलं होतं. माझं तेव्हा सगळं लक्ष पार्किंगचं मीटर संपतंय की काय याकडे होतं, आणि त्या मिनिटाला ऑफिसरने मला पाणबुडीवर पाठवलं असतं तरी मी मान हलवली असती.

बाबा विचार करून सांगतो म्हणाले. सोमवारी मी कामात असताना स्वतः चालत जाऊन त्यांनी फॉर्म रजिस्टर पोस्टाने टाकला आणि संध्याकाळी झेरॉक्सची फाइल माझ्या हातात दिली. मी चाळली. सगळी पानं सुवाच्य अक्षरात भरलेली. त्या एका प्रश्नापुढचे दोन्ही चौकोन कोरे.

मी कपाळावर हात मारला. बाबा शांतपणे म्हणाले की मुलाखतीपर्यंत मुदत आहे, वकिलाच्या वेबसाइटवर वाचलंय, राहिलेलं तिथे विचारून भरतात. मी चिडून विचारलं की यात विचार करण्यासारखं आहे तरी काय. या वयात त्यांना कोण रणांगणावर नेणार होतं?

“तेच तर. मला कोणी नेणार नाही हे मला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे. म्हणजे माझ्या ‘हो’ला किंमत काय? जाणार दुसऱ्यांची पोरं. त्यांच्या जिवावर मी सही ठोकायची?”

तेव्हा मला ते नुसतं आडमुठेपण वाटलं. अजूनही थोडं वाटतं.

नोव्हेंबरात आमच्या मंडळाची दिवाळी होती, नेहमीप्रमाणे एका शाळेच्या कॅफेटेरियात. बाबांनी तिथे चौकशी आरंभली. हातात कागदी प्लेट घेतलेल्या प्रत्येक पुरुषाला गाठून ते विचारत होते, तुम्ही त्या शस्त्राच्या प्रश्नाला काय लिहिलंत? कोणालाही आठवेना. एक हृदयरोगतज्ज्ञ म्हणाले, असा प्रश्न असतो का? नागपूरचे एक आयटीवाले म्हणाले, “काका, मी तर सगळीकडे नो केलं होतं यार, मग वकिलाने काही नोचे यस केले, तुमचा त्यातच असेल.” एकजण गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे खुर्चीत बसूनच श्रीखंड खात होते, त्यांनी बहुतेक हो लिहिलं असावं असं त्यांच्या बायकोने सांगितलं. बाबांनी तिथे अमेरिकेसाठी लढायची शपथ घेतलेले अकरा जण मोजले. घरी येताना गाडीत त्यांनी ते बोटांवर पुन्हा मोजले. मग म्हणाले, या सैन्याच्या भरवशावर हा देश निवांत झोपतो, कमाल आहे.

जानेवारीत माझा मुलगा अठरा वर्षांचा झाला. आम्ही केक कापला, बाबांनी त्याला औक्षणाच्या ताटात घड्याळ दिलं आणि वाढदिवसाचा विषय तिथेच संपला असं मला वाटलं.

आमच्याकडे पत्रपेटीतून टपाल आणणं हे बाबांचं काम. बर्फ असो, काही असो, कानटोपी घालून ते कोपऱ्यापर्यंत जातात आणि प्रत्येकाचं टपाल त्याच्या त्याच्या जेवणाच्या जागेवर ठेवतात. फेब्रुवारीत एक दिवस त्यांनी मुलाच्या जागेवर सरकारी लिफाफा ठेवला. मुलाने तो दाताने फाडला, आतलं पाहिलं आणि फळांच्या टोपलीकडे फेकला. बाबांनी चष्मा लावून तो वाचला. मग माझ्याकडे दिला.

इथे सक्तीची लष्करी नोकरी कधीच बंद झाली आहे. पण मुलगा अठरा वर्षांचा झाला की तीस दिवसांच्या आत त्याने आपलं नाव सरकारी यादीत नोंदवायचं असतं. उद्या मोठं युद्ध पेटलं आणि संसदेने ठरवलं तर त्या यादीतून बोलावतात. इथे जन्मलेल्यांना हे लागू आहे, ग्रीन कार्डवर आलेल्यांनाही आहे. माझे यजमान सव्विसाव्या वर्षी वर्क व्हिसावर आले, त्यामुळे त्यांचा या यादीशी कधी संबंधच आला नव्हता. तर मुलाने नाव नोंदवलं होतं. फोनवरून, कॉर्नफ्लेक्स खाता खाता, दोन मिनिटांत. लिफाफ्यात त्याची पोचपावती होती आणि कापून ठेवायचं एक छोटं कार्ड.

“तू आम्हाला विचारलं पण नाहीस?” मी म्हटलं.

“मॉम, इट्स द लॉ. एव्हरीबडी डझ इट.”

या पोराला सकाळी उठवायला मला तीन हाका आणि एकदा पांघरूण ओढावं लागतं. आंघोळ झाली की ओला टॉवेल गादीवर. याला तंबूत कोण उठवणार होतं? डिशवॉशर अर्धा भरलेला तसाच टाकून मी पलीकडच्या गल्लीतल्या काकूंना फोन लावला. काकू ऐंशीच्या घरातल्या, त्यांचे यजमान निवृत्त डॉक्टर, दोघं पन्नास वर्षं इथे आहेत. त्यांनी आधी मला मनसोक्त रडू दिलं. मग सांगितलं की त्यांच्याही दोन्ही मुलांची अशी कार्डं आली होती आणि त्याही खाली तळघरात कपडे धुवायच्या मशीनपाशी जाऊन रडल्या होत्या. दोन्ही मुलं आता पन्नाशीची आहेत, एकाची पाठ धरते.

“पण एक सांगू? त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण इथले झालो. त्याआधी नुसते राहत होतो. कार्ड फाइलला लाव आणि चहा घे.”

मी कार्ड फाइलला लावलं. चहाही घेतला. बाबांनी मात्र दोन दिवस ती पोचपावती पुन्हा पुन्हा काढून वाचली. आता दुसऱ्यांची पोरं हा मुद्दा राहिला नव्हता, आणि त्यामुळे ते मुलाखतीत चक्क नाही म्हणतील अशी मला भीती वाटायला लागली. नाही म्हणताच येत नाही असं नाही. धर्माचं किंवा तत्त्वाचं कारण दाखवलं तर सूट मिळते. पण बाबांना मी ओळखते. ते सूट मागणार नाहीत, ते ऑफिसरशी वाद घालतील. अर्ज फेटाळला जाईल, मग पुण्याचे पाच महिने पुन्हा टांगणीला लागतील, आणि एक दिवस विमानतळावर कोणीतरी ते कार्ड काढूनच घेईल.

“काय सांगणार आहात तिथे?” मी रोज विचारायचे.

“बघू.”

“बाबा, हो म्हणा. माझ्यासाठी म्हणा.”

“तुझ्यासाठी खोटं बोललो असतो तर तुझा तिसरा नंबर गेला नसता,” ते म्हणाले. म्हणजे तेही विसरले नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात आले तर बाबा विमानाच्या बॅगा तोलायचा हातातला काटा दुधाच्या गॅलनला अडकवून उभे. आकडा वाचून ते खूश झाले. दुधाचा भरलेला कॅन आणि रायफल, वजन जवळपास सारखं, असं त्यांनी इंटरनेटवर पाहिलं होतं. त्यानंतर रोज चहाआधी ते गॅलन खांद्यापर्यंत उचलायला लागले. पाच वेळा उजव्या हाताने, पाच वेळा डाव्या. डाव्याने दोनदाच व्हायचं. आठवडाभरात एक गॅलन हातून निसटला आणि स्वयंपाकघरभर दूध झालं. त्यानंतर मी त्यांना पाणी भरलेला कॅन दिला, तो त्यांनी काट्यावर दहा पौंडांना जुळवून घेतला.

मार्चमध्ये त्यांची वार्षिक तपासणी होती. गाडी चालवायला मी होते. डॉक्टर तरुण मुलगी होती, तिने रक्तदाब वगैरे बघितला आणि आणखी काही हवंय का विचारलं. बाबा म्हणाले, हो, एक पत्र हवंय. आजवर या वयाचे लोक तिच्याकडे आपल्याला अमुक जमत नाही असं लिहून घ्यायला आले होते. जमतं असं लिहून मागणारे बाबा पहिलेच. तिने मला दाराशी बाजूला घेऊन हळूच विचारलं की यांनी कुठे गोदामात नोकरी धरली आहे का. तशी पत्रं तिथे लागतात. मी म्हटलं, नाही. तिने बाबांकडून वजन उचलवून घेतलं आणि जे दिसलं ते लिहून दिलं: दहा पौंड, उजव्या हाताने, खांद्याच्या उंचीपर्यंत, मधूनमधून विश्रांती घेऊन. बाबांनी खाली तारीख आणि शिक्का आहे ना ते तपासलं.

गाडीत मी विचारलं, हे कशाला?

“लागेल,” बाबा म्हणाले.

मुलाखत एप्रिलमध्ये होती. बाबांनी लग्नकार्यात घालायचा कोट घातला. प्लास्टिकच्या पाकिटांची जाड फाइल, तीत कॉलेजच्या कवायतीचं तपकिरी पडलेलं मूळ प्रमाणपत्रसुद्धा होतं. मला आत सोडलं नाही. मी बाहेरच्या खोलीत चाळीस मिनिटं बसले आणि त्या चाळीस मिनिटांत नखं खाण्याची लहानपणीची सवय मला परत लागली. आत जे झालं ते मला बाबांनी परतीच्या वाटेवर सांगितलं, घरी पुन्हा सांगितलं, आणि काकूंकडे जाऊन तिसऱ्यांदा सांगितलं. तिन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही, म्हणून मी ते खरं धरते.

इंग्रजी वाचणं, लिहिणं आणि राज्यघटनेचे प्रश्न सुरळीत झाले. मग ऑफिसर शस्त्र प्रशिक्षणाच्या ‘होय’पाशी थांबला. त्याने खुर्ची पुढे ओढली. कोणती तुकडी, कोणतं शस्त्र, किती काळ? बाबांनी प्रमाणपत्र पुढे सरकवलं. ऑफिसरने दीड पानाचं निवेदन शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, पाचही गोळ्या चुकल्या? बाबा म्हणाले, पाचही. तो म्हणाला, मग याला प्रशिक्षण का म्हणायचं? बाबा म्हणाले, शिकवणाऱ्याने शिकवलं होतं, त्याची चूक नाही.

नंतर तो त्या कोऱ्या चौकोनांपाशी आला. हे राहिलंय, त्याने सांगितलं, आणि प्रश्न मोठ्याने वाचला. बाबांनी आधी डॉक्टरचं पत्र टेबलावर ठेवलं. मग म्हणाले,

“हो. पण माझा नातू तुमच्या यादीत आहे. तो अठराचा आहे, मी सत्त्याहत्तरचा. त्याच्या आधी माझं नाव घाला.”

ऑफिसरने सांगितलं की फॉर्ममध्ये तसं लिहायची सोय नाही.

“मग बाजूला लिहा.”

ऑफिसरने पत्र उचलून वाचलं. विश्रांती घेऊन? त्याने विचारलं. बाबा म्हणाले, लढाईतही जेवणाची सुट्टी असेलच. तो माणूस हसला नाही, असं बाबांनी आवर्जून सांगितलं. त्याने पत्र नीट घडी करून परत दिलं, लाल पेनाने ‘हो’च्या चौकोनात खूण केली. मग म्हणाला, आपलाही मुलगा अठराचा आहे. खूण चौकोनाच्या रेषेबाहेर थोडी गेली होती, ती बाबांनी त्याच्या लक्षात आणून दिली.

हे ऐकताना मी गाडी चालवत होते. डोळ्यांत पाणी आलं म्हणून मी एका बँकेच्या पार्किंगमध्ये गाडी घातली आणि त्यांच्यावर ओरडले. इतके महिने सांगायला काय झालं होतं? बाबा म्हणाले, दहा पौंड उचलतं की नाही हे नक्की नव्हतं, आधी कशाला बोलायचं. घरी मुलाला सांगितलं तेव्हा तो त्यांच्याकडे बघतच राहिला. “आजोबा, यू सेड दॅट? टू अ फेडरल ऑफिसर?” एरवी त्याला त्यांची फक्त जेवणाच्या वेळी आठवण होते. त्या दिवशी तो त्यांच्याबरोबर टपाल आणायला कोपऱ्यापर्यंत गेला, आणि तेव्हापासून अधूनमधून जातो.

मे महिन्यात शपथ झाली. उन्हाळ्यात पासपोर्ट आला, मग भारताचं कार्ड आलं, आणि गेल्या नोव्हेंबरात बाबा पुण्याला निघाले, या खेपेला परतीची तारीख कोणाला न सांगता. बॅगा मुलाने उचलून गाडीत टाकल्या, बाबांना त्या काट्यावर तोलू दिल्यावर. विमानतळावर आत जाण्याआधी बाबांनी कोटाच्या खिशातून डॉक्टरचं पत्र काढून माझ्या हातात दिलं. त्यामागे पुण्याच्या फ्लॅटचा फोन नंबर आणि शेजारच्यांचा नंबर लिहिला होता.

“त्याला बोलावणं आलं तर तिकडे किती वाजलेत ते बघू नकोस. लगेच फोन कर. मी पहिल्या विमानाने येतो.”

“आजोबा, दे आर नॉट गोइंग टू कॉल मी,” मुलगा म्हणाला.

“नसतील तर उत्तम. पण माझा नंबर आधी आहे.”

मुलगा हसायला लागला आणि हसता हसता मध्येच थांबला. मग त्याने वाकून त्यांना नमस्कार केला, जो एरवी दिवाळीला मला दोनदा सांगावा लागतो.

घरी आल्यावर मी ते पत्र फाइलला लावलं. मुलाचं कार्ड जिथे आहे तिथेच, पण त्याच्या मागे नाही, पुढे. बाबांनी परवा फोनवर एप्रिलमध्ये यायचं कबूल केलं आहे, आणि आल्या आल्या ते फाइल तपासणार आहेत.